आप्पासाहेबांमधला साहेब

नगरात सर्जेपुऱ्याच्या अंगाला एक गल्ली होती, आणि त्या गल्लीत जन्मलेल्या झाडून साऱ्या पोरांच्या अंगात पहिलं झबलं मार्थाबाईंच्या हातचं असायचं. पोर कुणाचंही असो, हिंदूचं, मुसलमानाचं नाहीतर ख्रिस्त्याचं. मार्थाबाई झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायच्या, तान्ह्याच्या कातड्याला टोचू नये म्हणून. नवीन गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "अहो बाई, हे तर उलटं शिवलंत!" त्यावर त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "झबलं पोराला घालायचंय का शेजारणीला दाखवायचंय?"

बाई मूळच्या नेवाश्याकडच्या. मिशनच्या शिवणशाळेत शिकल्या, कृपादान मास्तरांशी लग्न झालं, नगरला आल्या. मास्तर जाऊन दहा वर्षं झाली होती. मागं राहिलं काय, तर एक शिवणयंत्र आणि आप्पासाहेबांच्या इमारतीतली रस्त्याकडची खोली. खोलीपुढं ओटा, पूर्वेला मोठी खिडकी. सकाळी सातापासून दुपारी चारापर्यंत यंत्रावर स्वच्छ उजेड पडायचा. सोळा वर्षं त्या उजेडात बाईंनी शिवलं होतं. गिऱ्हाईक ओट्यावर बसायचं, गप्पा मारायचं, जाताना कापड टाकून जायचं. तो ओटा गेला असता तर बाईंचं पोटच गेलं असतं. आतल्या कुठल्या अंधाऱ्या खोलीत वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुईत दोरा कोण ओवणार, आणि तिथं झबली शिवतात हे लोकांना कळणार तरी कसं?

आता आप्पासाहेब. हे घरमालक, वरच्या मजल्यावर राहायचे. माणूस तसा वाईट नव्हता हो, पण 'साहेब' या तीन अक्षरांवर त्यांचा जीव होता. एकदा दूधवाला खालून नुसतं "आप्पाऽऽ दूध!" असं ओरडला, तर त्यांनी आठ दिवस त्याचं दूध बंद केलं आणि स्वतः कोरा चहा प्यायले. लग्नाच्या पत्रिकेवर कुणी 'श्री. आप्पा' एवढंच लिहिलं, की संपलं. पत्रिकेवर लाल शाईनं 'साहेब' घालायचं, खाली लपेटदार सही ठोकायची, तारीख टाकायची आणि ती पत्रिका ज्याची त्याला परत पाठवायची. एका व्याह्यानं ती दुरुस्त पत्रिका पुन्हा पाठवली, तेव्हा कुठं हे जेवायला गेले. आणि हेच गृहस्थ मार्थाबाईंना सोळा वर्षं "मार्थे" म्हणत आले होते. अख्खी गल्ली 'बाई' म्हणायची, हे 'मार्थे.' बाई मनातल्या मनात म्हणायच्या, म्हणू दे, तेवढ्यानं माझी सुई काही बोथट होत नाही. पण खरं सांगायचं तर लागायचं त्यांना.

सन अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये बाई नेहमीसारख्या भाडं घेऊन वर गेल्या. आप्पासाहेब म्हणाले, "राहू दे मार्थे, घाई काय आहे?" बाईंना वाटलं, काय देवमाणूस आहे! मालनबाईंना, म्हणजे आप्पासाहेबांच्या बायकोला, त्यांनी त्या आनंदात एक पोलकं फुकट शिवून दिलं. जुलैत पुन्हा गेल्या, तेव्हा देवमाणसानं खरं तोंड उघडलं.

"खोली कधी सोडतेस? सोडत असलीस तर भाडं घेतो. नाहीतर ठेव तुझ्यापाशी."

मग मालनबाईंनीच जिन्यात गाठून बाईंच्या कानात सांगितलं. स्टेशनाकडचा एक हॉटेलवाला त्या खोलीसाठी भलीमोठी पागडी द्यायला तयार होता. ओट्यावर बाकडी टाकून चहा-भजी विकणार होता. पण त्याच साली भाड्याचा नवा कायदा आला होता. भाडेकरू भाडं देतोय तोवर त्याला घराबाहेर काढता येत नव्हतं. आप्पासाहेबांनी त्यावर डोकं चालवलं. भाडं घ्यायचंच नाही, मग हिनं ते दिलं असं म्हणणार कोण? सहा महिने असे गेले की म्हणायचं, हिनं भाडं थकवलं. काय पण डोकं! देणाऱ्याचा हात आपणच मागं ढकलायचा आणि वर बोंब मारायची की देत नाही.

बाई उठल्या आणि कोर्टाकडं गेल्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तेव्हा बाई पायरी चढल्या नाहीत. पायरीच्या अलीकडं लिंबाच्या झाडाखाली नूरमहंमद अर्जनवीस बसायचे, त्यांच्यापाशी थांबल्या. लोकांचे अर्ज लिहिता लिहिता या माणसाला अर्ध्या वकिलांपेक्षा जास्त कायदा पाठ झाला होता. त्यांच्या दोन्ही नातवांची झबली बाईंनीच शिवलेली.

"मार्थाबहन, घाबरता कशाला?" नूरमहंमद म्हणाले. "हातात घेत नाही ना, तर टपालानं पाठवा. दर महिन्याला मनिऑर्डर. त्यानं नाकारली की पोस्टमन तसा शेरा लिहितो, पैसे तुमच्याकडं परत, आणि खालचं कुपनही तुमच्याकडं परत. ते कुपन जपून ठेवा. दिलं आणि त्यानं घेतलं नाही, याचा तो पुरावा."

झालं. बाईंनी तेव्हापासून दर महिन्याला मनिऑर्डर धाडली. गंमत बघा, खालच्या खोलीतून वरच्या मजल्यावर जायला मनिऑर्डर आधी सगळा बाजार ओलांडून पोस्टात जायची आणि मग बन्सी पोस्टमनच्या पिशवीत बसून त्याच जिन्यानं वर चढायची. वरून "नको म्हणून सांग तिला!" असा आवाज यायचा. मग बन्सी खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी पैसे आणि कुपन बाईंच्या हातावर ठेवायचा.

"परत आली, बाई."

"शेरा लिहिलास ना बन्सीभाऊ?"

"लिवला की. शेऱ्याबिगर कसं चालंल?"

शेरा मोडीत असायचा. बन्सी जुन्या शाळेचा, त्याचा हात मोडीत झरझर चालायचा. बाईंना मिशनात बाळबोध शिकवलेली, मोडी त्यांना काडीची येत नव्हती. त्यांनी ती पाच कुपनं यंत्राच्या खणात बॉबिनांच्या डबीखाली जपून ठेवली आणि निर्धास्त झाल्या.

डिसेंबर लागला. नाताळ तोंडावर आला, बाईंच्या खोलीत कापडाचे ढीग पडले, ओट्यावर बसायला जागा उरली नाही. आणि त्याच धांदलीत आप्पासाहेबांच्या वकिलाची नोटीस आली. सहा महिन्यांचं भाडं थकलेलं आहे, सबब खोली खाली करावी. बाई नुसत्या हसल्या. अंगावरचे दोरे झटकले, कुपनं पदरात बांधली आणि लिंबाच्या झाडाखाली जाऊन नूरमहंमदांपुढं पत्त्यांसारखी पसरली.

"घ्या. पाचही आहेत."

नूरमहंमदांनी चष्मा चढवला. पहिलं कुपन वाचलं. दुसरं वाचलं. मग त्यांच्या मिश्या हलायला लागल्या.

"बहन, यात 'नाकारले' कुठंच नाही."

"म्हणजे?"

"ऐका. जुलै: 'मालक सुप्यास गेले.' ऑगस्ट: 'मालक काशीस गेले.' सप्टेंबर: 'मालक संगमनेरास गेले.' ऑक्टोबर: 'मालक पुण्यास लग्नास गेले.' या अल्ला, चातुर्मासात कुणाचं लग्न? आणि नोव्हेंबर: 'मालक हवापालटास गेले.'"

बाईंनी कपाळाला हात लावला. गेल्या सहा महिन्यांत आप्पासाहेब गल्लीच्या तोंडापलीकडं गेलेले कुणी पाहिले नव्हते.

"हे कागद वाचले तर कोर्ट म्हणेल, मालक बिचारा गावोगाव हिंडत होता, त्याला ठाऊकच नाही," नूरमहंमद म्हणाले. आता ते हसत नव्हते. "मार्ग आहे. नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात सगळं भाडं द्यायला तुम्ही तयार होता, एवढं दाखवलं की बस. सहाही महिन्यांची एकच मनिऑर्डर धाडा. पण या वेळी त्यानं नाकारल्याचं कागदावर आलं पाहिजे. पुढं दावा लागला तर कोर्टातही पैसे भरता येतात, नाही असं नाही. पण तारखा पडतील, वर्ष जाईल, तुमचं शिवण बुडेल. दाव्यापर्यंत जाऊच कशाला द्यायचं?"

बाई तणतणत घरी आल्या. बन्सी ओट्यावरच भेटला, पायातली वहाण काढून खडा झटकत होता.

"बन्सीभाऊ! तू मालकांना काशीला पाठवलंस?"

बन्सीनं मान खाली घातली. "श्रावन हुता बाई. म्हनलं, पाठवायचंच हाय तर जरा पुन्य तरी लागू द्या त्यास्नी."

"अरे पण का? त्यांनी 'नको' म्हटलं, 'नको' लिहायचं!"

"न्हाई बाई, ते न्हाई जमत." बन्सी कळवळून बोलला. "दारात चालत आलेली लक्षिमी. तिला मानसानं नको म्हनलं, हे म्या माज्या हातानं लिवू? त्येंच्या घराचं वंगाळ, माज्या हाताचं वंगाळ. आमच्यात नारळ फुटत न्हाई, वाढतो. बांगडी फुटत न्हाई, वाढती. दुकान सुदीक कुनी बंद करीत न्हाई, वाढवत्यात. बावीस वर्सं टपाल वाटतोय, कुनाच्या दारात वाईट अक्षर लिवलं न्हाई. तार आली तर म्या आधी म्हंतो, बसा, पानी प्या."

हे खरं होतं. मास्तर गेल्याची तार बन्सीनंच आणली होती. मास्तर मिरजेच्या दवाखान्यात होते. बन्सीनं तार हातात दिली नाही, आधी शेजारच्या बायका बोलावून आणल्या आणि मग दिली. बाईंना ते आठवलं आणि त्यांचा अर्धा राग तिथंच उतरला.

"तुमी म्हनाल तर लिवतो," बन्सी म्हणाला, पण त्याचा चेहरा असा पडला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी नूरमहंमद म्हणाले, "सोपं आहे. पोस्टमास्तराकडं तक्रार करतो, खोटे शेरे लिहिले म्हणून. चौकशी होईल, सगळं बाहेर येईल."

"आणि बन्सीचं काय होईल?"

नोकरी जाईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नको," बाई म्हणाल्या. "त्याची भाकर काढून मला माझा ओटा नको. आणि त्याच्या गळ्यावर सुरी ठेवून त्याच्या हातून काही लिहूनही घ्यायचं नाही. 'नको' ज्यानं म्हटलं, त्यालाच लिहू दे."

"तो कशाला लिहील? वेडा आहे का?"

"वेडा नाही," बाई म्हणाल्या, "पण साहेब आहे." आणि त्या एकदम हसायला लागल्या. नूरमहंमदांना काही कळेना.

बाईंनी त्या संध्याकाळी यंत्र बंद ठेवलं. नाताळाच्या ऐन गर्दीत यंत्र बंद, म्हणजे विचार किती मोठा होता ते समजा. मनिऑर्डरीच्या कुपनावर निरोपासाठी चार ओळींची जागा असते. आजवर बाई तिथं 'आप्पासाहेब यांस सप्रेम नमस्कार' असं लिहीत आल्या होत्या. या वेळी त्यांनी बोरूनं ठळक, वळणदार अक्षरात लिहिलं:

'आप्पा यांस. सहा महिन्यांचे भाडे पाठविले आहे. घेणार किंवा कसे ते कळविणे. मार्था.'

लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. नुसतं 'आप्पा'! आयुष्यात त्यांनी कुणाला असं लिहिलं नव्हतं. गल्लीतल्या भिकाऱ्यालासुद्धा त्या 'बाबा' म्हणायच्या. पण ओटा वाचवायचा होता. त्यांनी डोळे मिटून शाई टिपली.

बन्सीला त्यांनी एवढंच सांगितलं, "भाऊ, तू या खेपेला काही लिहू नकोस. त्यांना कुपन वाचायला दे आणि तिथंच उभा राहा. दौत मागितली तर आणून दे."

"येवढंच ना? मंग माजी काय हरकत हाय!" बन्सीचा चेहरा आता कुठं खुलला.

वीस डिसेंबर, सकाळचे साडेदहा. बाई यंत्रावर बसल्या होत्या, पुढ्यात कुणाच्या तरी लाल फ्रॉकची बाही. बन्सीच्या वहाणा जिना चढताना ऐकू आल्या. बाईंचा पाय थांबला. वर झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, तीही थांबली. बाईंनी कान टवकारले.

"आप्पा?" वरून आवाज आला. मग दुप्पट मोठ्यानं, "आऽप्पाऽ? कोण आप्पा? हिच्या घरचा गडी आहे मी?"

"म्या काय सांगू, तुमीच वाचा," बन्सीचा आवाज.

"दौत आण! लाल! माझी लाल दौत कुठंय? अगं, ऐकतेस का, माझी दौत!"

मालनबाई आतून म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही म्हणाला होतात ना, तिच्या कागदाला हातही लावायचा नाही म्हणून?"

"तू गप्प बैस! चूक ती चूक! ही अशी सोडली तर उद्या गल्लीतलं शेंबडं पोर मला आप्पा म्हणेल!"

खाली बाईंनी लाल बाही तोंडात कोंबली, हसू बाहेर जाऊ नये म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं की भीतीचं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

बन्सी खाली आला तो दोन्ही हातांवर प्रसाद धरल्यासारखं कुपन धरून. रीत म्हणून ते आधी पोस्टात गेलं आणि दुसऱ्या दिवशी पैशांसकट बाईंच्या हातात पडलं. बाईंनी लिहिलेल्या 'आप्पा'पुढं काकपद, म्हणजे राहिलेला शब्द घालायची खूण, काढून लाल शाईत 'साहेब' घातलं होतं. खाली सुवाच्य बाळबोधीत लिहिलं होतं: 'मी आप्पा नव्हे, आप्पासाहेब. लिहिताना भान ठेवावे. तुझे पैसे आजवर घेतले नाहीत व पुढेही घेणार नाही.' त्याखाली लपेटदार सही आणि तारीख.

नूरमहंमदांनी ते कुपन तीनदा वाचलं. मग डोळ्यांना लावलं.

"बहन, अहो याहून चांगलं तर मलाही लिहिता आलं नसतं! 'आजवर घेतले नाहीत' म्हणे. एका ओळीत सहाही महिने आले! आणि आमच्या बन्सीच्या साऱ्या यात्रा माफ!"

त्यांनी तिथंच नोटिशीला उत्तर लिहिलं, कुपनाची नक्कल जोडली आणि वकिलाकडं धाडली. वकील शहाणा होता. त्यानं नक्कल वाचली, आप्पासाहेबांना बोलावून घेतलं आणि दार लावून काय ते सुनावलं. आतलं कुणाला ऐकू आलं नाही, पण आप्पासाहेब बाहेर आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती, असं बघणारे सांगतात.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पासाहेब जिना उतरून ओट्यावर आले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. ओट्यावर चार-पाच गिऱ्हाइकं, बन्सी नाताळाची पत्रं वाटायला आलेला, दारावर कागदी चांदणी लटकलेली. आप्पासाहेबांनी घसा साफ केला.

"ते... भाडं."

बाई उठल्या. पैसे तयारच होते, रुमालात बांधलेले. आप्पासाहेबांनी ते न मोजताच खिशात टाकले.

"पावती?" बाई म्हणाल्या.

बन्सीनं न सांगता आपली दौत पुढं केली. यंत्राच्या फळीवर कागद ठेवून आप्पासाहेब लिहायला लागले. ओट्यावरच्या सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. रक्कम लिहिली, महिने लिहिले, सही केली. कागद बाईंपुढं सरकवला.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि सावकाश वाचलं. 'मार्था हिजकडून भाडे पोहोचले.'

त्यांनी कागद परत त्यांच्यापुढं ठेवला.

"एवढी चूक दुरुस्त करून द्या," बाई अगदी मऊपणानं म्हणाल्या. "नाहीतर मला लाल शाईनं करून परत पाठवावी लागेल."

आप्पासाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी बाईंकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग टाक बुडवला. 'मार्था' आणि 'हिजकडून' यांच्यात जागा नव्हती. त्यांनी काकपद काढलं आणि वर, बारीक पण वळणदार अक्षरात, 'बाई' लिहिलं. मग जरा थांबले आणि 'हिज'वर काट मारून 'यांज' केलं.

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला, चष्म्याबरोबर डोळेही.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बसा आप्पासाहेब, करंजी खाऊन जा. नाताळाची आहे."

आप्पासाहेब बसले. बन्सी जायला निघाला, तो पायरीवर थांबून म्हणाला, "बरं झालं बाई, मालक आज गावातच हायेत!"

आणि बाई हसत यंत्रावर बसल्या, कारण लाल फ्रॉकची दुसरी बाही अजून लावायची होती.